टर्बोच्या लगामाच्या तीन नळ्या

इंजिनातून धुराबरोबर बाहेर पडणारी ऊर्जा वाया न घालवता तिच्या जोरावर एक चाक फिरवायचे आणि त्याच दांड्यावर बसवलेल्या दुसऱ्या चाकाकडून बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, ही टर्बोचार्जरची मूळ कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली पेटंटच्या रूपाने मांडली. हवा जास्त गेली की इंधन जास्त जाळता येते, इंधन जास्त जळले की ताकद वाढते, पण त्याचबरोबर धूरही वाढतो आणि तो धुराकडील चाकाला, म्हणजे टर्बाइनला, आणखी जोराने फिरवतो. त्यामुळे ही यंत्रणा स्वतःच स्वतःला चिथावत राहते. मोटारींमधले छोटे टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतात. त्यांना आवर घातला नाही, तर पेट्रोल इंजिनात ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण एकदम भडकू लागते, ज्याला गॅरेजात ‘नॉकिंग’ म्हणतात, आणि मग पिस्टन, हेड गॅस्केट किंवा खुद्द टर्बोची बेअरिंगे यांपैकी जे आधी हार मानेल ते जाते. म्हणून टर्बोची कथा ही अर्ध्याहून अधिक त्याच्या लगामाची कथा आहे, आणि तो लगाम अनेक गाड्यांत आजही एक पत्र्याची डबी, आगपेटीएवढा एक विद्युत व्हॉल्व्ह आणि करंगळीहून बारीक अशा तीन रबरी नळ्या एवढ्यावर चालतो.

टर्बोने बाहेरच्या हवेच्या दाबावर चढवलेल्या जादा दाबाला ‘बूस्ट’ म्हणतात आणि तो बहुधा ‘बार’ या एककात मोजतात. एक बार म्हणजे साधारणपणे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाएवढा दाब, किंवा पेट्रोल पंपावर टायरमध्ये हवा भरताना वापरल्या जाणाऱ्या भाषेत सुमारे साडेचौदा पौंड. मोटारीच्या टायरमध्ये तीस-बत्तीस पौंड हवा असते, तर साध्या टर्बो गाडीचा बूस्ट त्याच्या पाव ते अर्ध्या भागाएवढाच असतो. पण टायरातली हवा जागच्या जागी बसून राहते आणि ही हवा सेकंदागणिक इंजिनात ओतली जात असते, हा फरक लहान नाही.

बूस्ट ठरावीक मर्यादेत राखण्याचा सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे वेस्टगेट. टर्बाइनकडे जाणाऱ्या धुराला चाक चुकवून थेट सायलेन्सरच्या दिशेने जाता येईल अशी एक बगल-वाट ठेवलेली असते आणि तिच्या तोंडावर एक झडप असते; ती उघडली की चाकावरचा धुराचा मारा कमी होतो आणि टर्बोचा वेग आवरला जातो. ही झडप टर्बाइनच्या ओतीव घराच्या आतच असेल तर तिला अंतर्गत वेस्टगेट म्हणतात. तिला हलवणारी डबी, म्हणजे अ‍ॅक्च्युएटर, मात्र बाहेर असते. डबीच्या आत रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला स्प्रिंग व दुसऱ्या बाजूला कॉम्प्रेसरकडून आलेली दाबाची हवा, आणि पडद्याला जोडलेला एक रॉड, असा हा साधा संसार असतो. हवेचा दाब स्प्रिंगच्या ताकदीवर मात करू लागला की पडदा सरकतो, रॉड पुढे येतो आणि झडप उघडते. पडद्याचा व्यास ५० मिलिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते आणि त्यावर अर्धा बार दाब पडला की रॉडवर जवळजवळ दहा किलो वजनाएवढा जोर येतो. लालभडक तापलेल्या झडपेला धुराच्या विरोधात हाताळायला एवढा जोर लागतोच.

स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी आणि वेस्टगेट यांचे नाते लगेच लक्षात येण्याजोगे आहे, परंतु ते एका ठिकाणी तुटते आणि नेमके तिथेच या विषयाचे मर्म आहे. कुकरची शिट्टी ज्या वाफेचा दाब सोसते तीच वाफ बाहेर सोडते. वेस्टगेटला दाब कळतो तो ताज्या हवेचा आणि सोडायचा असतो तो धूर; म्हणजे कळण्याची जागा एक आणि करण्याची जागा दुसरी, आणि या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे एक रबरी नळी. नळी निसटली, फाटली किंवा उंदराने कुरतडली, तर डबीला दाब चढल्याची बातमीच मिळत नाही, झडप मिटलेली राहते आणि बूस्ट वाढतच जातो. कुकरची शिट्टी अडकली तर निदान सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो. साध्या वेस्टगेटच्या पाठीशी तसे काही नसते. त्यासाठी कारखान्यांना अतिदाब झाल्यास इंधन तोडण्याची वेगळी सोय करावी लागली.

केवळ स्प्रिंगवर चालणाऱ्या वेस्टगेटची दुसरी अडचण अशी, की त्याला एकच आकडा ठाऊक असतो. स्प्रिंग अर्ध्या बारची असेल तर पेट्रोल चांगले असो वा भेसळीचे, थंडी असो वा वैशाखातली दुपार, मर्यादा अर्ध्या बारचीच. अमेरिकेत १९६२ साली आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर या गाडीत वेस्टगेट होता, तरीही नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारावे लागे. मालक ती टाकी भरायला विसरत, गाडी मरगळल्यासारखी चाले आणि पुढे कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवण्यात आले. या कोंडीतून व्यवहार्य वाट काढली ती स्वीडनच्या साब कंपनीने. तिने १९७७ साली ९९ टर्बो ही गाडी दाखवली ती शर्यतीसाठी नव्हे, तर रोजच्या वापरात कमी फेऱ्यांवरच दम मिळावा म्हणून, आणि पाचेक वर्षांत पेर गिलब्रांड या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली तयार झालेली ‘एपीसी’ ही यंत्रणा बाजारात आणली. इंजिनच्या ब्लॉकवर बसवलेला संवेदक नॉकिंगचा ठोका ऐकतो, इलेक्ट्रॉनिक पेटी तो ओळखते आणि त्यानुसार बूस्ट कमी-जास्त करते. त्यामुळे कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरले तरी इंजिन सुरक्षित राहते, फक्त ताकद थोडी उतरते. पेटीचा हुकूम पाळणारा हात मात्र एका छोट्या सोलेनॉइड व्हॉल्व्हचा होता. त्याच्या तीन तोंडांवर तीन अक्षरे उमटवलेली असत: ‘सी’, ‘डब्ल्यू’ आणि ‘आर’. सी म्हणजे कॉम्प्रेसर, डब्ल्यू म्हणजे वेस्टगेट आणि आर म्हणजे रिटर्न, अर्थात हवा परत नेणारी वाट. नंतरच्या काळात अनेक उत्पादकांनी असे व्हॉल्व्ह काढले, कुणी तोंडांना आकडे दिले, कुणी काहीच दिले नाही, पण या तीन अक्षरांइतकी स्वच्छ खूण क्वचितच आढळते, म्हणून पुढील विवेचनात तीच वापरणे सोयीचे ठरेल.

सोलेनॉइड म्हणजे तारेचे वेटोळे. त्यातून वीज गेली की मधला लोखंडी खिळा खेचला जातो आणि हवेची वाट बदलते. वीज नसताना सी आणि डब्ल्यू ही तोंडे आत एकमेकांना जोडलेली असतात, म्हणजे कॉम्प्रेसरचा दाब जसाच्या तसा डबीपर्यंत पोहोचतो. वीज मिळाली की सी बंद होते, डब्ल्यू आणि आर जोडली जातात आणि डबीतली हवा कॉम्प्रेसरच्या अलीकडील, एअर फिल्टरनंतरच्या नळात निघून जाते. येथे एक गैरसमज वारंवार आढळतो, की सोलेनॉइड बूस्ट ‘वाढवतो’. तो कुठेही जोर लावत नाही. तो फक्त डबीपासून दाबाचा काही हिस्सा लपवून ठेवतो. डबीची स्प्रिंग अर्ध्या बारला मान तुकवणारी आहे आणि इंजिनला ०.८ बार हवा आहे, तर कॉम्प्रेसरपाशी ०.८ बार असताना डबीला अर्धाच बार जाणवला पाहिजे, म्हणजे उरलेले ०.३ बार तिच्या नजरेआड करायचे. हिशेब प्रत्यक्षात इतका सरळ सुटत नाही, कारण झडपेवर धुराचा उलटा दाबही येत असतो, पण तत्त्व एवढेच.

हा हिस्सा नेमका ठरवण्यासाठी व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवला जात नाही, तर तो सतत उघडझाप करतो. सेकंदाला तीस उघडझापी धरल्या, तर एका फेरीला सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. त्यांतील १३ मिलिसेकंद वीज चालू राहिली तर त्याला चाळीस टक्के ‘ड्यूटी’ म्हणतात. डबी आणि नळी यांत साठलेली हवा या धक्क्यांना शोषून सरासरी दाब पडद्यापर्यंत पोहोचवते. ड्यूटी शून्य असेल तर केवळ स्प्रिंगचा बूस्ट मिळतो, आणि ड्यूटी जसजशी वाढते तसतशी डबी अधिकाधिक गाफील राहते. अगदी खालच्या आणि अगदी वरच्या ड्यूटीला खिळ्याला धड हलायलाच वेळ मिळत नाही, म्हणून उपयोगाचा पल्ला मधलाच असतो. या पद्धतीचा आणखी एक लाभ आहे: साधी स्प्रिंग मर्यादा गाठण्याच्या बरीच आधीपासून झडप किलकिली करू लागते आणि तेवढा धूर फुकट जातो, परंतु टर्बो वेग घेत असताना सोलेनॉइडने डबीला पूर्ण अंधारात ठेवले तर झडप घट्ट मिटलेली राहते आणि दम लवकर मिळतो.

अशा यंत्रणेचे बरेवाईट ओळखायचे तर ती कशी चालते याहून ती कशी बिघडते हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. रेल्वेच्या ब्रेकची नळी तुटली की दाब जातो आणि गाडी आपोआप थांबते. म्हणजे तेथे बिघाड सुरक्षित बाजूला कलतो. बूस्टच्या यंत्रणेत याचे अर्धेच पालन झालेले आहे. सोलेनॉइडची तार तुटली, प्लग ढिला झाला, पेटी बंद पडली, तर व्हॉल्व्ह विश्रांतीच्या अवस्थेत जातो, सी आणि डब्ल्यू जोडली जातात आणि गाडी स्प्रिंगच्या कमी बूस्टवर निमूटपणे चालत राहते. विजेचा दोष असा सुरक्षित बाजूला पडतो. मात्र सी किंवा डब्ल्यू यांपैकी कोणतीही नळी निसटली की डबी आंधळी होते आणि बूस्ट बेलगाम होतो. नळीचा दोष धोक्याच्या बाजूला पडतो. गाड्या हौसेने सुधारणारी मंडळी महागडा कंट्रोलर निवडण्यात महिना घालवतात आणि नळीवर क्लिप लावायचे विसरतात, हे या दृष्टीने अगदी उलटे आहे.

जोडणीतली सर्वांत घातक चूक म्हणजे सी आणि आर यांची अदलाबदल. ती झाली तर वीज नसताना डबी कॉम्प्रेसरऐवजी फिल्टरकडील नळाला जोडलेली राहते, तिथे दाब नसतोच, आणि जी अवस्था सर्वांत सुरक्षित असायला हवी तीच सर्वांत धोक्याची होते. तोंडांवरच्या आकड्यांचा क्रम उत्पादकागणिक बदलतो, म्हणून आकड्यांवर विसंबण्यापेक्षा फुंकर मारून पाहणे शहाणपणाचे: व्हॉल्व्ह हातात घ्यावा, वीज न जोडता एका तोंडातून फुंकावे आणि हवा कुठून येते ते बोटाने तपासावे. विश्रांतीत जी दोन तोंडे एकमेकांना जोडलेली असतील त्यांतील एक सी आणि एक डब्ल्यू. मग क्षणभर १२ व्होल्ट दिले की ‘टक्’ असा आवाज येतो, आणि आता ज्या तोंडातून फुंकलेली हवा तिसऱ्या तोंडातून निघेल ते डब्ल्यू. सगळे मिळून दोन मिनिटांचे काम आहे, आणि ते टाळल्यामुळे इंजिन उघडावे लागल्याची उदाहरणे कमी नाहीत.

सी नळीला दाब कुठून द्यावा हाही विचाराचा प्रश्न आहे. कॉम्प्रेसरच्या घरावर बहुधा यासाठीच एक बारीक निपल असतो आणि तोच सर्वांत चांगला, कारण तिथून डबीला बातमी लवकर पोहोचते. थ्रॉटलच्या पलीकडे, इनटेक मॅनिफोल्डवरून नळी घेण्याचा मोह होतो, परंतु अ‍ॅक्सिलरेटर सोडताच तिथे दाबाऐवजी निर्वात ओढ निर्माण होते आणि पडदा उलट दिशेने खेचला जातो. नळ्या जितक्या आखूड तितक्या बऱ्या. लांब नळीत हवा भरायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात बूस्ट मर्यादा ओलांडून पुन्हा खाली येतो. टर्बाइनच्या जवळून जाणारी साधी रबरी नळी काही महिन्यांत कडक होऊन तडकते, म्हणून तिथे सिलिकॉनची नळी वापरतात आणि व्हॉल्व्ह उष्णतेपासून दूर, शक्यतो तोंडे खाली करून बसवतात, म्हणजे तेलाचा ओलावा आणि पाणी आत साचत नाही. आरचे तोंड मोकळ्या हवेत सोडले तरी यंत्रणा चालते, फक्त ‘फस्फस्’ आवाज येतो. तरीही ते फिल्टरनंतरच्या नळातच परत न्यावे हे बरे, कारण आपल्याकडच्या धुळीत उघडे तोंड फार काळ स्वच्छ राहत नाही आणि हवा मोजणाऱ्या संवेदकाने एकदा मोजलेली हवा हिशेबाबाहेर जात नाही.

जुन्या सुबारू गाड्यांमध्ये एक वेगळी रचना आढळते, आणि बदल करताना अनेकजण तिथे फसतात. तिथे सोलेनॉइडला दोनच तोंडे असतात. कॉम्प्रेसरकडून येणाऱ्या नळीत एक अगदी बारीक छिद्राची पितळी गोळी बसवलेली असते, तिच्यामुळे हवा थेंबाथेंबाने पुढे सरकते, आणि पुढे टी-जॉइंटवरून सोलेनॉइड त्यातली काही हवा फिल्टरकडे गळू देतो. गोळीने आवक आवरलेली असते म्हणूनच ती गळती परिणामकारक ठरते. या गाडीवर तीन तोंडांचा व्हॉल्व्ह बसवताना गोळी नळीतच राहिली तर डबीला हवा उशिरा मिळते आणि बूस्ट उसळी मारतो. उलट जुना दोन तोंडांचा व्हॉल्व्ह ठेवून गोळी काढली, तर गळतीपेक्षा आवक जास्त होते आणि बूस्ट वर चढतच नाही. नळीच्या आत दडलेली असल्याने ती बाहेरून दिसत नाही, हे या गोंधळाचे खरे कारण.

सोलेनॉइडला काय जमत नाही हेही सांगायला हवे. तो दाब लपवू शकतो, निर्माण करू शकत नाही, म्हणून स्प्रिंगच्या आकड्याखाली बूस्ट आणणे त्याच्या हाती नाही. वेस्टगेटचे भोक लहान असेल आणि झडप सताड उघडूनही पुरेसा धूर बगल देऊन जात नसेल, तर फेऱ्यांबरोबर बूस्ट सरकत वर जातो आणि त्यावर कोणताही व्हॉल्व्ह उपाय करू शकत नाही. तिथे कानस आणि ओतकामच लागते. रॉडची लांबी आटे फिरवून कमी केली की झडप अधिक ताणून मिटते आणि मूळ बूस्ट थोडा वाढतो, पण फार ताणली तर ती पूर्ण उघडतच नाही. उंचीचा प्रश्न मात्र सोलेनॉइडने चांगला सोडवला. डबीच्या मागच्या बाजूला बाहेरची हवा असल्यामुळे स्प्रिंग नेहमी बाहेरच्या दाबावरचा फरक राखते. महाबळेश्वरला बाहेरचा दाबच सुमारे ०.८६ बार असतो, म्हणून इंजिनला मिळणारा एकूण दाबही तेवढाच उतरतो. पेटीला एकूण दाब कळत असेल तर ती ड्यूटी वाढवून ही तूट भरून काढते, अर्थात टर्बोला जास्त फेरे घ्यायला लावून, आणि ते टर्बोला झेपेल तिथपर्यंतच.

भारतात या जोडणीचा परिचय अनेकांना झाला तो २००४ साली आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमुळे. तिच्या १.८ लिटर टर्बो इंजिनातला बूस्टचा व्हॉल्व्ह फोक्सवॅगनच्या नामावलीत ‘एन७५’ म्हणून ओळखला जातो आणि जुन्या गाड्या राखणाऱ्यांच्या बोलण्यात तो अजून याच नावाने येतो. डिझेल गाड्यांत बहुधा वेस्टगेटऐवजी पात्यांचा कोन बदलणारा टर्बो असतो, आणि तो दाबाऐवजी व्हॅक्यूमवर चालत असल्यास नळी फाटताच पाती उघडतात आणि गाडीचा दम जातो. म्हणजे तिथे नळीचा दोषही सुरक्षित बाजूला पडतो. अनेक नव्या पेट्रोल इंजिनांत डबीच्या जागी विजेची मोटर आली आणि नळ्या गेल्याच. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, त्यामुळे बूस्ट वाढवण्याचा खटाटोप शर्यतीच्या धावपट्टीसाठीच्या गाड्यांपुरताच ठेवणे योग्य; मूळ यंत्रणेची दुरुस्ती ही मात्र कोणत्याही गॅरेजची नित्याची बाब आहे.

दुरुस्तीनंतरची तपासणी नळ्यांपासूनच सुरू होते. प्रथम सोलेनॉइड बाजूला ठेवून कॉम्प्रेसरपासून डबीपर्यंत एकच सरळ नळी लावतात, मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून गेजवर बूस्ट कुठे थांबतो ते पाहतात आणि तो आकडा टिपून ठेवतात. मग तिन्ही नळ्या आपापल्या जागी लावून, पण सोलेनॉइडचा प्लग काढलेलाच ठेवून, तीच फेरी पुन्हा मारतात. दोन्ही वेळा काटा एकाच ठिकाणी थांबला पाहिजे. दुसऱ्या फेरीत तो वर सरकू लागला, तर त्याच क्षणी अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी कडेला घेतात, कारण सी आणि आर यांची अदलाबदल झालेली असते किंवा सी अथवा डब्ल्यूचे तोंड नळीशिवाय राहिलेले असते. काटा जागेवर थांबला, तरच प्लग लावतात.